ओहायोतली १७८२ ची कत्तल: जुना पेपर म्हणतो लढाई, स्मारक म्हणतं हौतात्म्य, मग लेखात काय लिहायचं?

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसले, कारण याच एका बातमीवर मी स्वतः बरीच वर्षं घालवली आहेत. तुम्ही लिहिलंय की ओहायोत ग्नाडेनहटनला जाऊन आलात, तिथल्या दगडी स्मारकावर ८ मार्च १७८२ ला नव्वद ख्रिश्चन इंडियनांनी मरणात विजय मिळवला अशा अर्थाचं कोरलेलं वाचलंत, इतर ठिकाणी ९६ आकडा वाचलात, आणि घरी येऊन जुन्या पेपरांच्या स्कॅनमध्ये शोधलं तर फिलाडेल्फियाच्या 'पेन्सिल्व्हेनिया गॅझेट'मध्ये १७ एप्रिल १७८२ ला तीच घटना चक्क लढाई जिंकल्यासारखी छापलेली. तुम्हाला मराठीत लेख लिहायचाय आणि विचारताय की खरं कुठलं धरू, आणि त्या काळच्या फ्रंटियरच्या, म्हणजे गोऱ्या वसाहतींच्या पश्चिम सरहद्दीवरच्या, बातम्यांवर एकूणच भरवसा ठेवावा का.

मी पश्चिम पेन्सिल्व्हेनियात राहते, जुन्या पेपरांच्या मायक्रोफिल्म आणि स्कॅनमधून लोकांना त्यांच्या पूर्वजांच्या नोंदी शोधून देणं हे माझं सतरा-अठरा वर्षांचं काम. त्या अनुभवावरून आधी एक सांगते, "खरं की खोटं" असं विचारलंत की या बातम्या तुम्हाला काहीच देणार नाहीत. त्याऐवजी विचारा की हे पहिल्यांदा कोणी सांगितलं, कुठल्या गावातून, आणि ते फिलाडेल्फियापर्यंत कुठल्या वाटेनं आलं. तुमचा खरा प्रॉब्लेम तिथे सुटतो.

आता ती बातमीच घेऊ. तिच्यात म्हटलंय ते माझ्या शब्दात असं: सरहद्दीवरचे लोक घाबरलेले होते, मस्किंगम नदीवरची इंडियन गावं हललेली नाहीत असं कळलं, म्हणून माणसं ओहायोच्या काठी मिंगो बॉटमसमोर जमली, शंभरेक जण नदी पोहून गेले, त्या गावांत लढाईवर निघणाऱ्या टोळ्यांसाठी धान्य साठवलेलं होतं, आपली माणसं रात्री कोणाला न कळता पोचली, झोपड्यांमध्येच हल्ला केला आणि नव्वदच्या वर मारून त्यांच्या टाळू काढल्या, त्यात चाळीसेक लढवय्ये आणि बाकीच्या म्हाताऱ्या बायका आणि मुलं, ऐंशीएक घोडे मिळाले, त्यांच्यावर लूट लादली, बहुतेक कातडी आणि फर, आणि एकही माणूस न गमावता परत आले. (टाळू म्हणजे केसांसकट डोक्याची कातडी, पुढेही हाच शब्द वापरते.)

ही बातमी मी नवीन येणाऱ्या मुलांना हातात देते आणि सांगते, दुसरं काही वाचू नका, फक्त यातच काय खटकतं ते सांगा. थोड्या वेळानं कोणीतरी म्हणतंच की चाळीस लढवय्ये होते तर त्यांनी एकालाही जखमी केलं नाही? लढाईच्या गावात एवढं फर, एवढे घोडे, आणि निम्म्याहून जास्त बायका-मुलं? बातमी लिहिणाऱ्यानं खोटं झाकायचा फार प्रयत्नही केलेला नाही, कारण वाचणाऱ्याला ते खटकणारच नाही हे त्याला माहीत होतं. माझ्या मते त्या बातमीतला सगळ्यात मोठा पुरावा हाच आहे, १७८२ च्या फिलाडेल्फियात "बाकीच्या म्हाताऱ्या बायका आणि मुलं" हे विजयाच्या बातमीत उघडपणे छापता येत होतं.

प्रत्यक्षात काय झालं ते मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनच्या कागदांतून आणि नंतरच्या साक्षींमधून बऱ्यापैकी पक्कं कळतं. हे लोक लेनापे जमातीचे, ज्यांना पेपरवाले डेलावेअर म्हणतात, आणि मोरेव्हियन पंथाचे ख्रिश्चन झालेले, शस्त्र न उचलण्याच्या मताचे. १७८१ च्या सप्टेंबरमध्ये, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, ब्रिटिशांच्या बाजूच्या वायंडॉट आणि डेलावेअर लोकांनीच त्यांना जबरदस्तीनं उठवून सँडस्कीकडे नेलं होतं. तिथे हिवाळ्यात उपासमार झाली म्हणून दीडशेच्या आसपास माणसं आपल्याच शेतात उभा राहिलेला मका काढायला फेब्रुवारीत परत आली. त्याच सुमाराला पश्चिम पेन्सिल्व्हेनियात वॉलेस नावाच्या कुटुंबाच्या घरावर हल्ला झाला होता, त्यातल्या बाईला आणि मुलांना पळवून नेलं होतं, आणि लोक पेटलेले होते. डेव्हिड विल्यमसनच्या हाताखाली मिलिशिया, म्हणजे तिकडच्या नागरिकांची हत्यारबंद तुकडी, मस्किंगमच्या खोऱ्यात आली, मका काढणाऱ्यांना म्हणाली की तुम्हाला सुरक्षित जागी नेतो, फोर्ट पिटला (पिट्सबर्गच्या किल्ल्यात) खायला मिळेल, त्यांनी विश्वासानं बंदुका देऊन टाकल्या. मग मिलिशियानं आपसात मत घेतलं. मारू नये म्हणणारे वीसही निघाले नाहीत. लोकांना एक रात्र दिली, ती त्यांनी प्रार्थना आणि भजनं म्हणण्यात काढली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुषांना एका घरात आणि बायका-मुलांना दुसऱ्या घरात नेऊन मारलं. २८ पुरुष, २९ बायका, ३९ मुलं. दोन मुलगे वाचले, त्यातल्या थॉमस नावाच्या मुलाची टाळू काढली होती तरी तो अंधारात सरपटत निघून गेला. शोनब्रुन या शेजारच्या गावातल्यांना वेळेत कळलं म्हणून ते निसटले.

म्हणजे बातमीतला आकडा जवळपास बरोबर, जागा बरोबर, लुटीचंही बरोबर, मिलिशियाचा एकही माणूस मेला नाही हेही बरोबर. चुकीचं आहे ते क्रियापद. "हल्ला केला" हे खोटं, आणि त्या एका शब्दाला आधार द्यायला रात्र, झोपड्या, लढवय्ये, लढाईचा धान्यसाठा हे सगळं आलेलं. फ्रंटियरच्या बातम्यांत मी हेच पुन्हा पुन्हा बघितलंय. गावाचं नाव, घोड्यांची संख्या, नदी कुठे ओलांडली असल्या गोष्टी सांगणाऱ्याला लपवायच्या नसतात त्यामुळे त्या बऱ्यापैकी पक्क्या असतात. सुरुवात कोणी केली आणि समोरचे कोण होते, इथे मात्र सांगणाऱ्याचं हित अडकलेलं असतं.

मग ती बातमी फिलाडेल्फियाला आली कशी? १७८२ मध्ये पिट्सबर्गला पेपर नव्हताच. ॲलेगनी डोंगरांच्या पश्चिमेला पहिला पेपर 'पिट्सबर्ग गॅझेट', तो २९ जुलै १७८६ ला निघाला. त्याआधी तिकडचं जे काही छापून यायचं ते डोंगर ओलांडून, तीनशे मैल घोड्यावरून आलेलं कोणाचं तरी पत्र, तोंडी निरोप किंवा व्यापाऱ्यानं सांगितलेलं. ८ मार्चची गोष्ट १७ एप्रिलला छापली म्हणजे चाळीस दिवस. आणि ओहायोच्या काठावरून पूर्वेला पत्र लिहिणारे कोण, तर मिलिशियातल्या माणसांचे शेजारी, नातेवाईक, ओळखीचे. मेलेल्यांचे नातेवाईक सँडस्कीला, त्यांचे मिशनरी झाइसबर्गर आणि हेकवेल्डर यांना डेट्रॉइटच्या ब्रिटिश कमांडरनं बोलावून घेतलेलं. त्यांच्या बाजूनं फिलाडेल्फियाच्या छापखान्यात लगेच पत्र टाकणारं कोणी नव्हतंच. पुढे मोरेव्हियनांची हकीगत सरकारदरबारी पोचली, पण एकालाही शिक्षा झाली नाही.

इथे एक माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. कामाला लागले तेव्हा एका गृहस्थांसाठी एका चकमकीची बातमी शोधत होते, ती नऊ-दहा पेपरांत सापडली, बोस्टनपासून दक्षिणेपर्यंत, आणि मी त्यांना विश्वासानं सांगितलं की एवढ्या ठिकाणी आलंय म्हणजे पक्कं. नंतर सगळी कात्रणं शेजारी शेजारी लावली तर वाक्यं शब्दशः तीच, स्वल्पविराम सुद्धा तेच. एकच पत्र होतं. त्या गृहस्थांना फोन करून चूक सांगावी लागली, आणि तोवर त्यांनी ती हकीगत घरच्यांना वाचून दाखवली होती. तेव्हापासून मी पेपर मोजत नाही, पत्रं मोजते. छापखानेवाले एकमेकांना अंक पाठवायचे आणि त्यातून सरळ उचलायचे, त्यात कोणाला गैर वाटत नसे, तोच तर बातम्या मिळवायचा मार्ग होता. २० फेब्रुवारी १७९२ च्या पोस्ट ऑफिसच्या कायद्यानं तर हे अधिकृतच केलं, प्रत्येक छापणाऱ्यानं दुसऱ्या प्रत्येक छापणाऱ्याला एक अंक टपालखर्च न देता पाठवावा अशी सोय. त्यामुळे बातमीच्या वर "पिट्सबर्गच्या एका सद्गृहस्थाच्या या शहरातल्या मित्राला आलेल्या पत्रातला उतारा" असं काही दिसलं की थांबायचं आणि तो उतारा सगळ्यात आधी कुठल्या अंकात आला ते शोधायचं.

आणि नुसती नक्कलच होती असं नाही, बनावटही होती. योगायोग बघा, त्याच १७८२ च्या वसंतात बेंजामिन फ्रँकलिन पॅरिसजवळ पासी इथे स्वतःच्या छापखान्यात बोस्टनच्या एका पेपरची खोटी पुरवणी छापत होता. तिच्यात सेनेका जमातीच्या लोकांनी वसाहतींतल्या माणसांच्या, बायकांच्या, मुलांच्या टाळूंचे आठ मोठे गठ्ठे ब्रिटिश गव्हर्नरला भेट म्हणून पाठवले असं एक पत्र, पूर्ण बनवलेलं, आणि खरं वाटावं म्हणून शेजारी जाहिरातीही टाकलेल्या. हेतू हा की ब्रिटिश जनतेला आपल्या सरकारची लाज वाटावी. पण ते पत्र खरं समजून लोक छापत राहिले, १८१२ च्या युद्धाच्या काळातही ते पुन्हा छापलं गेलं. ज्या एप्रिलमध्ये खऱ्या लेनापे मुलांच्या टाळू विजय म्हणून छापल्या जात होत्या, त्याच सुमाराला गोऱ्या मुलांच्या काल्पनिक टाळू अत्याचार म्हणून छापल्या गेल्या, आणि 'पेन्सिल्व्हेनिया गॅझेट' हा एके काळी फ्रँकलिनचाच पेपर. हे दोन कागद मी जेव्हा जेव्हा एकत्र बघते तेव्हा मला त्रास होतो, अजूनही.

या सगळ्याचा पुढचा भाग तुमच्या लेखात यायलाच हवा असं मला वाटतं. जून १७८२ मध्ये कर्नल विल्यम क्रॉफर्डची तुकडी सँडस्कीवर गेली, विल्यमसन त्यात दुसऱ्या नंबरचा अधिकारी, तुकडीचा पराभव झाला, क्रॉफर्ड पकडला गेला आणि ११ जूनला डेलावेअर लोकांनी त्याला हाल करून जाळलं. ग्नाडेनहटनचा सूड म्हणून, आणि क्रॉफर्ड स्वतः ग्नाडेनहटनला नव्हता. बरोबरचा डॉक्टर जॉन नाइट निसटून आला, त्यानं सांगितलेली हकीगत पिट्सबर्गच्या ह्यू हेन्री ब्रॅकनरिज या वकील-लेखकानं संपादित करून फिलाडेल्फियाच्या 'फ्रीमन्स जर्नल'ला दिली, ती १७८३ मध्ये छापून आली, आणि सोबत इंडियनांना प्राणी म्हणणारं आणि जमिनीवरचा त्यांचा हक्क नाकारणारं स्वतःचं टिपणही जोडलं. क्रॉफर्डचे हाल अमेरिकेत घरोघरी माहीत झाले. मार्चमधली कत्तल मात्र एका परिच्छेदात आटपली होती. हाच ब्रॅकनरिज पुढे 'पिट्सबर्ग गॅझेट' सुरू व्हायला मदत करतो, म्हणजे पश्चिमेकडचा पेपर कोणाच्या नजरेनं बघणार हे तो निघायच्या आधीच बरंचसं ठरलेलं होतं.

तरी "मग पेपर फेकून द्या" असं मी अजिबात म्हणणार नाही. किती भरवसा ठेवायचा हे काय शोधताय त्यावर आहे. बातमीपेक्षा जाहिराती आणि नोटिसा वाचा, तिथे माणसं पैसे देऊन छापत होती आणि तपशील चुकला तर त्यांचंच नुकसान होतं. 'केंटकी गॅझेट' ११ ऑगस्ट १७८७ ला लेक्सिंग्टनला निघाला, जॉन ब्रॅडफर्डनं पहिल्याच अंकात माफी मागितली की लाइमस्टोन या नदीकाठच्या गावाहून आणताना वाटेत छपाईचे खिळे (धातूची अक्षरं) सांडून एकमेकांत मिसळले. त्या पेपरात अशा नोटिसा येतात की अमुक तारखेला केंटकीतल्या क्रॅब ऑर्चर्डला मोठा जथा जमणार आहे, दुसऱ्या दिवशी पहाटे जंगलातून पूर्वेला निघायचंय, ज्यांना यायचं त्यांनी या. दोन ओळींची नोटीस, पण एकट्यानं तो रस्ता कोणी करत नव्हतं आणि कुठल्या महिन्यात करत होते हे तिच्यातून जेवढं कळतं तेवढं मोठ्या वर्णनातून कळत नाही. आणि सिनसिनाटीच्या 'सेंटिनेल ऑफ द नॉर्थवेस्टर्न टेरिटरी'त मे १७९४ मध्ये नागरिकांनी वर्गणी काढून इंडियनांच्या टाळूंवर लावलेल्या बक्षिसाची नोटीस आहे, उजवा कान जोडलेली टाळू हवी, पहिल्या दहांसाठी वर्गणीदाराला १३६ डॉलर. या पेपराचं ब्रीदवाक्य होतं की आम्ही सगळ्या पक्षांना खुले आहोत पण कोणाच्या प्रभावाखाली नाही. टाळू काढणं हे फक्त एका बाजूचं क्रौर्य होतं असं कोणी म्हणालं की मी ती नोटीस समोर ठेवते, वाद घालत बसत नाही.

मोठ्या सैनिकी घटनांचं आणखी वेगळं असतं. ४ नोव्हेंबर १७९१ ला वाबाश नदीच्या उगमाजवळ अमेरिकन जनरल सेंट क्लेअरच्या फौजेचा लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेटच्या नेतृत्वाखालच्या जमातींनी धुव्वा उडवला, सहाशेच्या वर सैनिक मेले. सेंट क्लेअरनं ९ नोव्हेंबरला फोर्ट वॉशिंग्टनहून अधिकृत पत्र लिहिलं आणि ते पूर्वेकडे छापून यायला डिसेंबर उजाडला. मधल्या महिन्यात अफवांवर पेपर चालले, पण एकदा अधिकृत पत्र आणि मेलेल्या अधिकाऱ्यांची यादी आली की ती नावं बऱ्यापैकी विश्वासानं घेता येतात, कारण त्यांच्या घरचे ती वाचणार होते. बोस्टनमध्ये तर शवपेट्यांच्या चित्रांच्या ओळी छापून एकपानी पत्रकं विकली गेली. समोरच्या बाजूच्या मेलेल्यांची अशी यादी तुम्हाला एकाही पेपरात मिळणार नाही.

समोरची बाजू कुठे शोधायची? तुमच्या बाबतीत मोरेव्हियनांच्या रोजनिशा आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी, त्यात मेलेल्यांची नावं आहेत. मूलनिवासींचा स्वतःचा पेपर यायला २१ फेब्रुवारी १८२८ उजाडतो, जॉर्जियात न्यू एकोटाला 'चेरोकी फीनिक्स', संपादक इलायस बूडिनॉट, इंग्रजी आणि सिक्वोयानं बनवलेल्या चेरोकी लिपीत. इथे आपल्याशी एक खराखुरा धागा आहे जो मला फार जवळचा वाटतो. या पेपराच्या खिळ्यांसाठी आणि छापखान्यासाठी खटपट करणारे सॅम्युअल वूस्टर ज्या बोस्टनच्या मिशनरी बोर्डाचे होते, त्याच बोर्डानं १८१२ मध्ये पाठवलेले गॉर्डन हॉल वगैरे १८१३ मध्ये मुंबईला पोचले, ज्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. त्यामुळे बोर्डाच्या 'मिशनरी हेराल्ड' मासिकाच्या १८२० नंतरच्या खंडांत मुंबईची पत्रं आणि चेरोकी मुलखातली पत्रं एकाच बाइंडिंगमध्ये मिळतात. मराठी वाचकाला हे सांगा, त्याला ओहायो-जॉर्जिया एकदम परके वाटणार नाहीत.

शोधताना एवढं सांभाळा. त्या काळचा लांब एस स्कॅनला एफ वाटतो, त्यामुळे मस्किंगम टाकून नाही मिळालं तर मफकिंगम टाकून बघा, गंमत नाही, खरंच मिळतं. लेनापे हा शब्द टाकून काही हाती लागणार नाही, डेलावेअर किंवा मोरेव्हियन इंडियन टाका. आणि 'व्हर्जिनिया गॅझेट' असं लिहिलेलं दिसलं तर कोणाचा ते बघा, १७७० च्या दशकात विल्यम्सबर्गमध्ये याच नावाचे दोन-तीन पेपर एका वेळी चालू होते.

नव्वद की शहाण्णव याबद्दल, ९६ हा मिशनकडून आलेला, पुरुष-बायका-मुलं असा फोड केलेला आकडा आहे म्हणून मी तोच वापरते. स्मारक १८७२ चं, नव्वद वर्षांनंतरचं, त्यावरचा नव्वद हा गोळाबेरीज आकडा समजा. पेपरातला "नव्वदच्या वर" दोघांच्याही आड येत नाही.

मी तुमच्या जागी असते तर लेखाची सुरुवात त्या बातमीनंच केली असती, जशी छापली तशी, संपूर्ण, एकही शब्द न गाळता, आणि मग लगेच खाली मका काढायला आलेल्यांची हकीगत. मध्ये भाष्य नको. काही वर्षांपूर्वी एक वयस्कर गृहस्थ असंच कात्रण घेऊन आले होते, घरात पिढ्यान्पिढ्या सांगत आले की आमचा पूर्वज मस्किंगमच्या लढाईत होता. मी काही बोलले नाही, बातमी आणि मिशनची नोंद शेजारी शेजारी ठेवली. त्यांनी दोन्ही दोनदा वाचलं, मग मुलांची नावं असलेलं पान झेरॉक्स करून मागितलं.

तुम्ही जे कात्रण डाउनलोड केलंय त्याच्या अगदी वरच्या ओळीत गावाचं नाव किंवा पत्राची तारीख दिलेली आहे का ते बघून सांगा. काही स्कॅनमध्ये ती ओळ आधीच्या कॉलमच्या तळाशी राहून जाते, म्हणून पूर्ण पान उघडून बघा.